शाळेची हद्द : एक चिकित्सा

शाळेचा प्रश्न आपल्या चळवळीने बहुतेक वेळा प्रवेशाचा प्रश्न म्हणून मांडला. दार उघडे आहे की बंद, एवढ्यावरच आपला रोख राहिला आणि त्या काळाच्या संदर्भात ते योग्यही होते. परंतु दार कोठे बसवावयाचे, कोणत्या वस्तीपासून किती अंतरावर बसवावयाचे आणि कोणाचे मूल कोणत्या शाळेच्या ‘परिसरात’ मोडते हे कोणी ठरवावयाचे, हाही प्रश्न तितकाच जुना आहे. त्याची चिकित्सा आपल्या लेखनात फारशी झालेली नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र शासनाने शाळांच्या हद्दी दोन वेळा नव्याने आखावयास घेतल्या. एका वेळी आपण पेटून उठलो. दुसऱ्या वेळी आपल्यापैकी बहुसंख्य गप्प राहिले. हा फरक का पडला, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

पहिली घटना सप्टेंबर २०२३ मधील. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले. अशा शाळांची संख्या १४,७८३ आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार. नमुना म्हणून नंदुरबारमधील तोरणमाळ आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातील पानशेत ही नावे पुढे करण्यात आली. दुसरी घटना ९ फेब्रुवारी २०२४ ची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या बंधनातून मोकळीक देणारी दुरुस्ती शासनाने नियमांत केली. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरविली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ही लढाई आपण जिंकलो. जिंकल्याचा आनंद रास्तही आहे.

पण या दोन्ही कागदांची भाषा एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावी. ‘समूह’, ‘गुणवत्ता’, ‘समायोजन’, ‘सामाजिकीकरण’, ‘परिसर’. एकही शब्द वाईट नाही. अस्पृश्यतेचा मागमूस कोठे नाही, जातीचा उच्चार नाही. पटसंख्या आणि किलोमीटर एवढ्या दोन आकड्यांवर सारा डोलारा उभा आहे. आकड्याला जात नसते असे आपल्याला वाटते, आणि नेमके तेथेच आपण फसतो. वीसपेक्षा कमी मुले कोणत्या वस्तीत असतात? पाटलाच्या आळीत नसतात. ती ठाकरवाडीत असतात, कातकरवाडीत असतात, डोंगरावरच्या धनगरपाड्यात असतात. जी वस्ती मुळातच गावाबाहेर, धरणाच्या पलीकडे किंवा डोंगराच्या कुशीत ढकललेली आहे, तिचा पट कमी भरणारच. आधी माणसे विखरून टाकावयाची आणि मग ती विखुरलेली आहेत म्हणून त्यांची शाळा काढून घ्यावयाची, असा हा हिशेब आहे.

हा युक्तिवाद नवा नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने त्याच्या हक्काविषयी तात्त्विक शंका घेतली नाही. एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि संस्था निरुपयोगी होईल, एवढेच म्हटले. म्हणजे हक्क मान्य, फक्त संस्थेची उपयुक्तता मोठी. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी अस्पृश्यांनी आपली मुले सार्वजनिक शाळेत घातली, तेव्हा गावाने त्यांना मारहाण केली, बहिष्कार टाकला, त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतले. बाबासाहेबांनी ही हकीकत सविस्तर नोंदविली आहे. गांधीजींनी तेथील अस्पृश्यांना गाव सोडण्याचा सल्ला दिला होता. जाणाऱ्यांनी जावे आणि शाळा जेथे आहे तेथे, ज्यांची आहे त्यांची, राहावी, असा त्या सल्ल्याचा व्यवहारातील अर्थ. २०२४ च्या दुरुस्तीमागेही हाच सूर होता. प्रतिपूर्तीचा बोजा पडतो, सरकारी शाळा ओस पडतात, म्हणून आपल्या मुलांनी आपल्या शाळेतच राहावे. सरकारी शाळा ओस पडू नयेत ही काळजी खरी असती, तर तीच काळजी पाच महिने आधी १४,७८३ शाळांच्या वाट्याला का आली नाही? एका कागदात सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खाजगी शाळेचे दार बंद, दुसऱ्या कागदात तीच जवळची सरकारी शाळा लहान आहे म्हणून नको.

आता मावळाकडे पाहू. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही खोऱ्यांची नावे आहेत. खोऱ्यात अंतर नकाशावर मोजता येत नाही, ते पायांनी मोजावे लागते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत वलवण, शिरवटा, ठोकळवाडी ही धरणे झाली. पुढे पवनेचे धरण झाले. पाणी अडले तेथे जुन्या वाटा बुडाल्या. आज ठोकळवाडीच्या जलाशयापलीकडची एखादी वाडी सरळ रेषेत दोन-तीन किलोमीटरवर दिसते आणि तेथपर्यंत पोहोचावयाला अर्धा दिवस मोडतो. मावळातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला आषाढ-श्रावणात ओढ्याला पाणी आले म्हणजे शाळेचा दिवस गेला, हे सांगावे लागत नाही. त्यात लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे तीन पट्टे तालुका आडवा कापीत गेले आहेत. इंद्रायणीवर पूल असणे आणि पूल चालण्याजोगा असणे यांतला फरक १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याने दाखविला. तेथे चार माणसे गेली.

कायदा म्हणतो, पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. हा हक्क कागदावर भक्कम आहे. पण किलोमीटर कसा मोजला? ऑनलाइन अर्ज भरताना पालकाने नकाशावर आपल्या घराची खूण करावयाची असते. लोणावळ्याच्या भांगरवाडीत वा नांगरगावात राहणारी, बंगल्यांत धुणीभांडी करणारी बाई ती खूण कोणाकडून करून घेते? ज्या बंगल्यांचे मालक शनिवार-रविवारपुरते येतात, त्यांचे दार नकाशावर ठळक दिसते. त्यांच्या आवारातील रखवालदाराची खोली दिसत नाही. या तपशिलाला क्षुल्लक म्हणणारे शिक्षक मला भेटले आहेत. त्यांनी एक सोडत जवळून पाहावी.

येथे आपल्याच समाजातील मतभेदाकडे यावे लागते. हा मतभेद मी ऐकीव म्हणून सांगत नाही. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत कोणत्याही वस्तीत बसले तर तो कानावर येतो. एक बाजू म्हणते, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेने आम्हाला काय दिले? चार इयत्ता एका खोलीत, शिक्षक निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामावर. त्यापेक्षा बस येते, मुले मोठ्या शाळेत जातात, इंग्रजी शिकतात, तर ती शाळा बंद झाली म्हणून रडावयाचे कशाला? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे वस्त्रहरण केले, ते विसरून आपण वाडीवरच्या शाळेचे गोडवे गावयाचे काय? दुसरी बाजू म्हणते, शाळा गेली की वस्तीतील एकमेव सरकारी इमारत गेली, आणि पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी. बस पहिली दोन वर्षे येईल, तिसऱ्या वर्षी ठेकेदाराचे बिल थकेल.

मला दुसऱ्या बाजूची भीती अधिक खरी वाटते. तरीही पहिल्या बाजूला ‘मध्यमवर्गीय’ म्हणून झटकणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या म्हणण्यामागे तीन पिढ्यांचा अनुभव आहे. देहूरोडच्या लष्करी डेपोत, रेल्वेत ज्यांचे बाप-आजे लागले, ते गाव सोडूनच उभे राहिले. गावातील शाळेने त्यांना उभे केले नाही. परंतु त्या बाजूच्या युक्तिवादात एक फट आहे आणि ती बुजवण्याची तिची इच्छा दिसत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींच्या पालकांना २५ टक्क्यांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीय वंचनेला पैशाच्या मापाने मोजू नये हे तत्त्व बरोबरच आहे. पण व्यवहारात त्याच सोडतीत बँकेत नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवाचे मूल आणि बिगाऱ्याचे मूल शेजारी उभे राहते. अर्ज, दाखले, नकाशावरची खूण, मोबाइलवरचा संदेश, हे सारे पहिल्याला जमते. २०२४ ची दुरुस्ती या बोलत्या, लिहित्या थराच्या दाराला भिडली. म्हणून आवाज उठला, वकील उभे राहिले, वर्तमानपत्रे धावली. समूह शाळेची झळ लागते ती वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याला, गुरे वळणाऱ्या ठाकराच्या पोराला. तो आपल्या सभांना येत नाही आणि आपल्या नियतकालिकांत लिहीत नाही. २५ डिसेंबरला देहूरोडला, जेथे १९५४ साली बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आपण हजारोंनी जमतो. तेथून नाणे मावळ किती लांब आहे?

आपली एक पिढी अमेरिकेतील काळ्यांच्या झगड्याकडे डोळे लावून होती. १९७२ साली ‘पँथर’ हे नाव आपण तेथूनच घेतले. तिकडच्या शाळांची कथा येथे उपयोगी आहे. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे लिंडा ब्राउन या मुलीच्या घराजवळ गोऱ्यांची शाळा होती, आणि तिला तिच्यावरून पुढे काळ्यांच्या लांबच्या शाळेत जावे लागे. १९५४ च्या निकालाने ही विभागणी घटनाबाह्य ठरली. आपल्याकडे एवढी कथा सर्वांना ठाऊक असते. पुढची कमी जणांना ठाऊक असते. गोरे शहर सोडून उपनगरांत गेले. शहरात उरले काळे. डेट्रॉइट शहर आणि भोवतालचे ५३ उपनगरी शाळा-जिल्हे यांची हद्द ओलांडून मुलांची वाटणी करावी असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला, तो १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फिरविला. उपनगरांनी भेदभाव केल्याचे सिद्ध नाही, म्हणून त्यांची हद्द मोडता येत नाही. १९५४ चा खटला लढविणारे थरगुड मार्शल तेव्हा त्याच न्यायपीठावर बसले होते आणि ते विरुद्ध मतात होते. वर्णाचा कायदा गेला होता, त्याचे काम नकाशाने केले. आपल्याकडे शाळांच्या हद्दी तिकडच्यासारख्या रेखीव नाहीत, हे खरे. आपल्याकडे ते काम फी करते, माध्यम करते आणि अंतर करते.

आणि आठवीनंतर तर आपल्याकडे हद्दच नाही. कायद्याचा हात चौदाव्या वर्षी सुटतो. मावळातील हायस्कुले बहुतेक संस्थांची आहेत. नववीला कोणाला घ्यावे, कोणत्या तुकडीत घालावे, दहावीचा निकाल शंभर टक्के राहावा म्हणून कोणाला १७ नंबरचा अर्ज भरावयास सांगावे, हे मुख्याध्यापकाच्या खोलीत ठरते. खोऱ्यातला मुलगा कामशेतला, कान्ह्याला किंवा वडगावला पोहोचतो तो एस. टी. किंवा जीप मिळाली तर. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, त्याचे मर्म हेच होते. ज्या अंतराला कायदा हात लावीत नाही, त्या अंतराला तेव्हा वसतिगृहाने उत्तर दिले. आपण आज हायस्कूल जवळ मागतो, बस मागतो, आरक्षण मागतो. वसतिगृह मागावयाचे मात्र जवळजवळ सोडून दिले आहे. चालू असलेल्या शासकीय वसतिगृहांच्या जागा कमी आणि प्रवेश उशिरा, ही तक्रार विद्यार्थी संघटना दर वर्षी करतात. त्यावर आपल्या साहित्यिकांनी लिहिल्याचे मात्र क्वचितच दिसते. आपल्या आत्मकथनांत वसतिगृह पानोपानी आहे, आपल्या मागण्यांत ते उरलेले नाही.

२००९ च्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, दुर्बल व वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेचा विकास आराखडा तिने तयार करावयाचा आहे. समूह शाळेचा प्रस्ताव तालुक्यातून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्यातून आयुक्तालयाकडे जातो तेव्हा त्याच्यासोबत या समितीचा ठराव जोडलेला असतो काय, आणि असलाच तर त्यावर अंगठे कोणाचे आहेत, हे वडगावला पंचायत समितीच्या कार्यालयात जाऊन कार्यकर्त्यांनी मागून पाहावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.