मिचेल ३०० ची कडी

आमिष पाण्यात पडले की रिळाचे हँडल पुढे फिरवायचे. फेरा पुरा व्हायच्या आत ‘खट्’ असा आवाज येतो आणि इतका वेळ मोकळा सुटलेला तंगूस पुन्हा ताब्यात येतो. जुन्या फ्रेंच मिचेल ३०० रिळाचे मर्म मला ह्या एका आवाजात सापडते. जाणकार त्याच्या दातेरी चाकांबद्दल भरभरून बोलतात, आणि ती चाके आहेतच तशी. पण चाकांची चाल हाताला आपोआप कळते. कडीचे तसे नाही. ती धड असेपर्यंत तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि बिघडली की सगळे रीळच नादुरुस्त ठरते. कवितेचे रसग्रहण करताना एखादी अडखळणारी ओळ पुन्हा पुन्हा वाचावी, तसे ह्या बिघडलेल्या कडीपाशी थांबावे म्हणतो.

आधी थोडी ओळख. ह्या जातीच्या रिळात दोरा गुंडाळलेला स्पूल फिरत नाही. तो नुसता वर-खाली होतो आणि त्याच्याभोवती रोटर फिरतो. रोटरच्या दोन बाजूंना टेकलेली, स्पूलच्या तोंडावरून आडवी गेलेली तारेची कमान म्हणजेच ही कडी. इंग्रजीत तिला ‘बेल’ म्हणतात. ती उघडी असली की दोरा स्पूलच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. मिटली की तीच तार त्या दोऱ्याला गोळा करून एका टोकाच्या वळणावर आणून सोडते, आणि रोटर फिरेल तसा तो स्पूलवर गुंडाळला जातो.

न फिरणाऱ्या स्पूलची कल्पना रुजवली ती आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर धंद्यातला हा माणूस. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत अलगद सुटते, मग गळाचा दोरा तसा का सुटू नये, असा त्याचा विचार, आणि त्याचे पेटंट १९०५ चे. दोरा सोडण्याचा प्रश्न तिथे सुटला होता. सुटलेला दोरा परत पकडायचा कसा, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक वर्षे कारागिरांना छळत राहिला. कुणी बोटाने पकडायचे, कुणी आकडा लावायचे. हार्डी कंपनीच्या ऑल्टेक्स रिळावर १९३०च्या दशकातच पूर्ण कडी आली होती. सुरुवातीच्या मिचेलवर मात्र अर्धीच कडी होती. एका बाजूने निघालेली तार वळून हवेतच संपायची. अर्ध्या कडीची ती रिळे आज संग्राहक जपून ठेवतात. मला ती कच्च्या खर्ड्यासारखी वाटतात. अर्थ कळतो, पण वाक्य पुरे झालेले नसते.

मिचेल ज्या गावात जन्मले ते क्लूझ फ्रान्सच्या ओत-साव्वा भागात, आर्व्ह नदीच्या खोऱ्यात आहे. १८४४ च्या आगीत हे गाव जवळजवळ सगळे जळाले आणि आखीव चौकटीत नव्याने बांधले गेले. १८४८ मध्ये तिथे घड्याळजींची शाळा निघाली. हा भाग ज्यात येतो तो सव्हॉय प्रांत तेव्हा फ्रान्समध्ये नव्हताच, तो १८६० मध्ये सामील झाला. रीळ बनवणारी कार्पानो आणि पोन्स ही कंपनी ह्याच घड्याळी परंपरेतली. रिळाची आखणी १९३० च्या दशकाच्या अखेरची, पण त्याचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. अमेरिकेत ते गार्सियाच्या नावाने खपले, म्हणून पुष्कळ रिळांवर दोन्ही नावे दिसतात. बाजूचे झाकण काढले की घड्याळजींचे हात ओळखू येतात. काळ्या अंडाकृती पोटात चाके दाटीवाटीने, पण एकमेकांचा मान राखून बसवलेली असतात.

आता कडीकडे वळू. रोटरमध्ये एक चपटा खटका असतो. आपण कडी उघडतो तेव्हा तिचा बुंधा फिरतो, बुंध्याखालची छोटी स्प्रिंग पिळली जाते आणि खटका अडकून बुंध्याला तिथेच धरून ठेवतो. मग हँडल फिरवले की रोटरबरोबर खटकाही फिरत जातो, त्याचे शेपूट खालच्या न फिरणाऱ्या अंगावरच्या उंचवट्याला भिडते, खटका ढकलला जातो, अडक सुटते. पुढचे सारे स्प्रिंगचे.

ह्या रचनेत मला सर्वांत आवडते ती बळाची उसनवारी. कडी मिटवणारे बळ हँडल फिरवणाऱ्या हाताचे नसते. हँडलने फक्त खटका सोडवला. मिटवणारे बळ गळ फेकण्यापूर्वी, कडी उघडताना, आपल्याच बोटांनी स्प्रिंगमध्ये भरून ठेवलेले असते. आमिष हवेत असते, दोरा सुटत असतो, आपले लक्ष पाण्यावर असते, आणि तेवढा सगळा वेळ ते बळ एका इवल्या खाचेच्या भरवशावर थांबून असते. बॅटरी नाही, दुसरी कळ नाही. गोळा करायला सुरुवात करणे हीच मिटण्याची आज्ञा. मासे पकडणाऱ्याला वेगळे काही लक्षात ठेवावे लागत नाही. यंत्राने माणसाचा हेतू त्याच्या पुढच्या हालचालीवरून ओळखावा, ह्याहून नेमकी रचना मला तरी कुठल्या जुन्या हातयंत्रात दिसलेली नाही.

आणि बिघाड होतो तोही नेमका इथेच.

कडी मिटत नाही म्हटले की बहुतेक जण थेट नवी स्प्रिंग शोधायला लागतात. थोडे थांबावे. हँडल न फिरवता कडी आधी बोटांनी उघडून बोटांनीच मिटवून पाहावी. हाताने मिटवताना ती झटक्याने जागेवर बसत असेल, तर स्प्रिंग शाबूत आहे आणि दोष खटक्याचा. पन्नास-साठ वर्षांचे ग्रीस वाळून मेणासारखे होते, खटका त्यात रुततो आणि उंचवट्यावर चढूनही परत जागेवर येत नाही. रोटर उतरवून रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश वापरला की अशी निम्मी ‘मेलेली’ रिळे जिवंत होतात. पुन्हा ग्रीस मात्र भरू नये. तिथे पातळ तेलाचा एक थेंब पुरतो, दुसरा थेंब नुसती धूळ धरायला बसतो.

कडी दोन्हीकडे लुळी पडत असेल, जिथे सोडावी तिथे राहत असेल, तर स्प्रिंग तुटली. बुंध्याचा स्क्रू काढण्याआधी रीळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि पेचकस पिशवीच्या तोंडातून आत न्यावा, कारण तुटलेल्या स्प्रिंगचा एखादा तुकडा अजून ताणात असतो आणि उडाला तर कपाटामागे जातो. पेचकसाचे पातेही खाचेच्या रुंदीचे हवे. अरुंद पात्याने ह्या जुन्या स्क्रूंची डोकी झिजतात, आणि मग स्प्रिंगच्या दुरुस्तीतून स्क्रूची दुरुस्ती उपटते.

तुकडे बाहेर आले की फेकून देऊ नका, भिंगाखाली धरा. तुटलेली जागा जवळजवळ नेहमी एकच असते. वेटोळे संपून सरळ पाय सुरू होतो, तिथल्या वळणावर. तारेच्या तुटक्या तोंडाचा एक भाग मंद आणि गुळगुळीत दिसतो, उरलेला खरखरीत, दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढत गेलेली चीर. दर फेकीला स्प्रिंग पिळली गेली, सुटली, चीर केसभर पुढे सरकली. खरखरीत भाग शेवटच्या फेकीचा, जेव्हा शिल्लक धातूला भार पेलवेना. समुद्रावर वापरलेल्या रिळात त्याच वळणावर गंजाचा तांबूस ठिपकाही सापडतो आणि चिरेची सुरुवात बहुधा तिथूनच झालेली असते. रीळ किती चालले ह्याचा हिशेब त्या मिलिमीटरभर तोंडावर असतो.

नवी स्प्रिंग बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, भार आल्यावर तिची वेटोळी आवळली गेली पाहिजेत, उलगडता कामा नयेत. उलट्या पिळाची स्प्रिंग जेमतेम चालते आणि लवकरच दगा देते. दुसरी, कडी मिटलेली असतानाही स्प्रिंग पूर्ण सैल नसावी. एक पाय रोटरच्या भोकात, दुसरा बुंध्याच्या भोकात, आणि अंगठ्याने बुंधा थोडा फिरवून, तो ताण धरूनच स्क्रू आवळायचा. हे पहिल्या झटक्यात जमणे कठीण, कारण एक हात कमी पडतो. हा राखीव ताण नसेल तर कडी मिटते, पण शेवटचे थोडे अंतर आळसावते आणि दोरा वळणापर्यंत पोहोचत नाही. पियानोच्या तारेपासून घरी स्प्रिंग वळणाऱ्यांनी पायाचे वळण काटकोनी करू नये, थोडे गोलाकार ठेवावे. तुटलेल्या तुकड्याने सांगितले ते हेच.

तारेचा वाक बघायचा राहिला. रीळ पडून वाकलेली कडी ठोकून सरळ करणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. तार लाकडी दांड्यावर हातानेच, लागेल त्याहून जरा जास्त वाकवावी, म्हणजे ती परतून योग्य जागी थांबते. कमानीपासून वळणापर्यंत नख फिरवले तर कुठेही पायरी लागता कामा नये. ज्यावरून दोरा धावतो त्या वळणावर नख अडकलेच, तर तिथे चर पडला आहे आणि तो भागच बदलावा लागेल. घासून गुळगुळीत केलेला चर महिनाभराने तंगूस कापायला लागतो.

कडीविरुद्धचा पक्षही मजबूत आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाटांत उभे राहून मासे पकडणाऱ्यांनी कडीच नको, असा निकाल कधीचाच दिलेला आहे. जोरदार फेकीत रोटर किंचित फिरला आणि खटका सुटला, तर कडी मध्येच मिटते, दोरा तटकन तुटतो आणि आमिष एकटेच समुद्रात जाते. म्हणून पेन कंपनीने ७०४ च्या जोडीला ७०६ काढले, त्यात कडी नाही, दोरा बोटाने उचलून वळणावर ठेवायचा. खाऱ्या पाण्यात आणि अंधारात त्यांचे म्हणणे मला पटते. तिथे कमी भाग म्हणजे कमी भानगडी. नदीकाठी, तळ्यावर, हलक्या आमिषाला मात्र मी कडीच्या बाजूचा. फेकण्यापूर्वी रोटर अशा जागी आणून ठेवावा, की खटक्याचे शेपूट उंचवट्याच्या नुकतेच पलीकडे गेलेले असेल. मग मिटण्याआधी त्याला जवळजवळ पूर्ण फेरा उरतो आणि मध्येच मिटण्याचा धोका टळतो.

हल्ली आणखी एक सल्ला सर्रास ऐकू येतो. हँडलने कडी मिटवू नका, हाताने मिटवा, म्हणजे सगळे भाग जास्त टिकतात. नव्या रिळांसाठी तो ठीक असेल. मिचेलच्या बाबतीत तो मला कृपणपणा वाटतो. खटका, उंचवटा, खाच आणि स्प्रिंग इतक्या विचाराने जुळवली ती त्या एका ‘खट्’साठीच. तेवढे काम त्यांच्याकडून काढून घ्यायचे आणि यंत्र जपले म्हणायचे, ह्यात मला अर्थ दिसत नाही. स्प्रिंग झिजण्यासाठीच घातलेली आहे, चाके टिकण्यासाठी. मागवताना दोन मागवाव्यात, आणि दुसरी रिळाच्या डबीतच, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी.