सादेली काम आणि पुनर्रचित वस्तूंचा कालनिर्णय

जुन्या नक्षीच्या फळ्या वापरून नव्याने घडविलेल्या फर्निचरविषयी संग्राहक एकच प्रश्न विचारतो: वस्तू अस्सल की बनावट? प्रश्न अपुरा आहे. अशा वस्तूस दोन काळ असतात, नक्षीचा एक आणि सांगाड्याचा दुसरा. त्यांतील एक दडविला गेला तरच फसवणूक संभवते.

सुरत व मुंबई येथील सादेली कामात हा भेद तंत्रातच अंतर्भूत आहे. शिराझहून सिंधमार्गे ही कला मुंबईस आली, असे बर्डवुड यांनी १८८० मध्ये नमूद केले. हस्तिदंत, आबनूस, पतंगाचे लाकूड, शिंग व कथिल यांच्या बारीक त्रिकोणी काड्या सरसाने जोडून त्यांचा जुडगा बांधावयाचा, आणि तो आडवा कापून पातळ चकत्या काढावयाच्या. प्रत्येक चकतीवर तीच तारकाकृती उमटते. या चकत्या मागाहून चंदनी पेटीवर चिकटविल्या जात. म्हणजे नक्षी आधी सिद्ध होते व वस्तू नंतर. कारागिराच्या लेखी ती जवळजवळ कापडाच्या ठाणासारखीच होती.

येथे युरोपीय उदाहरण उपयोगी पडते. १६८८ मध्ये स्टॉकर व पार्कर यांनी, चिनी पडदे कापून बनविलेल्या फर्निचरवर माणसे व झाडे उलटीसुलटी लागतात, अशी टीका केली होती. ती रास्तच होती, कारण चित्रास वर व खाली असते. उलट, पॅरिसच्या फान रिझनबर्ग याने १७३७ मध्ये फ्रान्सच्या राणीसाठी केलेल्या खणांच्या कपाटात जपानी लाखकामाचे पातळ थर वक्र अंगावर बसविले आणि चित्रास नवी चौकट दिली. ते कपाट आज लूव्हरमध्ये आहे. त्यास कोणी बनावट म्हणत नाही.

सादेलीच्या तारकेस वर-खाली नाही. म्हणून ती तुकडे होऊनही टिकते, आणि म्हणूनच परीक्षकास चकविते. तिचा दोष मध्यभागी शोधून सापडत नाही. तो किनारीत सापडतो. मूळ झाकणासाठी मोजून बसविलेली किनार कोपऱ्यावर पूर्ण वळते. अन्य वस्तूतून आणलेली तारकेच्या मध्येच तुटते. बुजविलेली कुलुपाची भोके आणि चंदनाऐवजी लागलेले दुसरे लाकूड हे पुढचे पुरावे. केवळ झिजेवर विसंबणारे परीक्षण मात्र भाबडे होय. झीज जुन्या चकतीबरोबरच नव्या पेटीवर येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ मध्ये दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. त्यामुळे निखळलेल्या तारकांच्या जागी हस्तिदंतच बसवावयाचा तर तो दुसऱ्या मोडक्या पेटीतून काढणे एवढाच मार्ग उरतो. अशा दुरुस्त पेटीच्या चिठ्ठीवर केवळ ‘एकोणिसावे शतक’ लिहिणे नक्षीपुरते खरे आणि पेटीपुरते अर्धवट ठरते.