महिन्याचं बजेट की सत्राची बेगमी?

मंडळी, नाटक-सिनेमाची आणि पुस्तकांची परीक्षणं आपण आवडीनं वाचतो. फोनवरच्या ॲपचं परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. पुस्तक एकदा वाचून कपाटात जातं. ॲप दिवसातून दहा वेळा आपल्याला काही ना काही सांगत असतं. ते काय सांगतं आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून सांगतं, हे तपासायला नको का? त्यातून आपण शॉमबर्गकर! मोटोरोलाचं मुख्यालय १९७६ साली इथे आलं आणि पुढची कित्येक वर्षं इथेच होतं. १९८३ मध्ये ३,९९५ डॉलर किंमत लावून बाजारात आणलेला, हातात धरून बोलायचा पहिला मोबाइल फोन याच कंपनीचा. तेव्हा मोबाइलबद्दल चार शब्द बोलायचा हक्क आपल्याला नक्कीच पोचतो.

विषय आहे कॉलेजच्या मुलांसाठी खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपचा. आपल्यापैकी अनेकांची मुलं अर्बाना-शॅम्पेनला शिकतात. माझी मुलगी तिथेच आहे आणि भाचा पुण्याहून तिथे एम.एस. करायला आला आहे. मी पेशानं सॉफ्टवेअरच्या पडद्यांची रचना करते. त्यामुळे या दोघांचे फोन हातात घेऊन ही ॲप्स बारकाईनं पाहिली. माझं मत आधीच सांगून टाकते: यांतली बहुतेक ॲप्स विद्यार्थ्यांसाठी म्हणून खपवली जातात, पण ती बेतलेली असतात पगारदार माणसाच्या मापानं.

पगारदाराचा महिना ठरलेला असतो. पैसे आले, भाडं गेलं, किराणा झाला, उरले ते बचतीत. विद्यार्थ्याचं तसं नसतं. ऑगस्टच्या अखेरीस कर्जाचे किंवा शिष्यवृत्तीचे पैसे येतात, ट्यूशन वजा होऊन उरलेली रक्कम खात्यात पडते आणि मग जानेवारीपर्यंत शुकशुकाट. समजा एखाद्या मुलाच्या हातात ५,४०० डॉलर आले. त्याचं ॲप ऑगस्टअखेर काय म्हणतं? 'मिळकत ५,४००, खर्च १,६००, बचत ३,८००. शाब्बास!' आणि सप्टेंबरअखेर तेच ॲप लाल रंगात ओरडतं, 'मिळकत शून्य, खर्च मर्यादेबाहेर!' मुलगा दोन्ही महिन्यांत सारखाच वागलेला असतो. पहिल्या महिन्यातली शाबासकी खोटी आणि दुसऱ्या महिन्यातली ओरडही खोटी. अशा ॲपवर कोण विश्वास ठेवील? माझ्या मुलीनं तिसऱ्या आठवड्यात त्याच्या सूचनाच बंद केल्या.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: बेगमी. शेतकऱ्याच्या घरी धान्य एकदाच येतं आणि ते पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचं असतं. कणगीतून रोज किती काढायचं, हे घरातल्या बाईला बरोबर माहीत असे, कारण तिच्यासमोर प्रश्न 'या महिन्यात किती आले' हा नसून 'किती दिवस काढायचे आहेत' हा असे. विद्यार्थ्याचाही प्रश्न तोच आहे. वरच्याच मुलाचं गणित मांडून पाहा. चार महिन्यांचं भाडं, दरमहा ६५० प्रमाणे २,६००. पुस्तकं ३००. थँक्सगिव्हिंगला आणि डिसेंबरात घरी यायचे १००. उरले २,४००. आठवडे सोळा. म्हणजे आठवड्याला १५० डॉलर. हा एकच आकडा त्या मुलाला रोज दिसायला हवा. बाकीचे रंगीत गोल तक्ते नसले तरी चालतील.

आता ॲप्सकडे वळू. सगळ्यांत नावाजलेलं 'मिंट' २००७ साली सुरू झालं. २००९ मध्ये 'इंट्यूइट' कंपनीनं ते १७ कोटी डॉलरला घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये बंद केलं. मिंट सुबक होतं, फुकट होतं, बँकेचं खातं जोडलं की सगळे खर्च आपोआप गोळा करत असे. पण फुकट ॲपचं पोट कशावर भरतं, हे पाहायला हवं. मिंटचं उत्पन्न मुख्यतः क्रेडिट कार्डं आणि इतर योजना सुचवण्यातून येत असे. काटकसर शिकवणाऱ्या मास्तरांनी वर्गाच्या दारात उधारीचं दुकान थाटावं, तसाच हा प्रकार! विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे जास्तच खटकतं. २००९ च्या कायद्यानं एकवीस वर्षांखालच्या मुलाला स्वतःची मिळकत किंवा सहीला मोठं माणूस असल्याशिवाय कार्ड देण्यावर बंधन घातलं, ते काही उगीच नव्हे.

दुसरं 'वायनॅब'. याची जन्मकथा मला आवडते. जेसी मेचम हा युटामधला हिशेबशास्त्राचा विद्यार्थी. नवं लग्न, हातात पैसे कमी. नवराबायकोसाठी त्यानं एक तक्ता बनवला आणि २००४ पासून तो विकायला लागला. तत्त्व असं की हातात आहेत तेवढ्याच पैशांचा विचार करायचा आणि प्रत्येक डॉलरला आधीच काम नेमून द्यायचं. आपल्या आज्या डाळीच्या आणि मोहरीच्या डब्यांत वेगवेगळ्या कामांचे पैसे ठेवत, तीच ही पद्धत. विद्यार्थ्यानं घडवलेलं असल्यामुळे सत्राचे पैसे पुढच्या महिन्यांत वाटून ठेवणंही यात जमतं. पण ते जमवायला शिकावं लागतं, आणि मिड-टर्मच्या आठवड्यात हे कोण शिकणार? विद्यार्थ्यांना एक वर्ष फुकट आहे. पुढे वर्षाला शंभर डॉलरच्या वर. म्हणजे आमच्या उदाहरणातल्या मुलाचे चार-पाच दिवसांचे पैसे हिशेब ठेवण्यातच जायचे.

तिसरं २०११ पासूनचं 'स्प्लिटवाइज'. हे खरं तर बजेटचं ॲप नव्हे, रूममेटांमधल्या देण्याघेण्याचं. पण भाच्याच्या घरी सर्वांत जास्त वापरलं जातं ते हेच, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चार मुलं एकत्र राहतात, एक तांदूळ आणतो, दुसरा विजेचं बिल भरतो. 'तुझे माझ्याकडे किती?' हे तोंडानं विचारायची लाज ॲप वाचवतं. चांगली रचना यालाच म्हणतात: माणसाची अडचण नेमकी ओळखायची आणि तेवढीच सोडवायची. मात्र अलीकडे फुकटच्या आवृत्तीत दिवसाला मोजकेच खर्च नोंदवता येतात, त्यामुळे मुलं कुरकुरतात.

भाच्याची आणखी एक तक्रार. भारतात २०१६ पासून यूपीआय आलं. दहा रुपयांचा चहा घेतला तरी त्या क्षणी पैसे खात्यातून गेलेले दिसतात. इथे कार्डाचा खर्च बरेचदा दोन-दोन दिवस 'पेंडिंग' राहतो आणि ॲपमधली शिल्लक तेवढी शिळी असते. शनिवारी रात्री पिझ्झा मागवताना गुरुवारचा आकडा काय कामाचा? म्हणून माझं म्हणणं असं की बँकेचं खातं जोडण्यापेक्षा खर्चाचा आकडा मुलानं स्वतः दोन बोटांनी टाकावा. आपल्या वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत खरी ताकद बेरजेत नव्हती. लिहिताना हात क्षणभर थांबायचा, त्यात होती.

चांगल्या ॲपनं आणखी काय करावं? शॅम्पेनमध्ये कॅम्पसबाहेरची घरं बहुधा ऑगस्ट ते ऑगस्ट अशी बारा महिन्यांच्या करारानं मिळतात. मूल उन्हाळ्यात घरी आलं तरी जून-जुलैचं भाडं चुकत नाही. जानेवारीतच त्या दोन महिन्यांचे पैसे बाजूला काढायला लावील, ते ॲप खरं. भारतातून आलेल्या मुलाला रोजच्या कॉफीची किंमत रुपयांत दाखवू नये. तो बिचारा मनात गुणाकार करतच असतो. पण कर्ज रुपयांत असेल तर त्याचं व्याज रुपयांत जरूर दाखवावं.

आणि आता आपल्याबद्दल. काही आईवडिलांना असं ॲप हवं असतं की मुलाचा प्रत्येक खर्च आपल्या फोनवर दिसावा. मी याच्या विरुद्ध आहे. बर्गर कितीला खाल्ला हे आईला दिसत असेल, तर मुलगा रोख पैशांनी खाईल आणि हिशेब तिथेच संपेल. आपल्याला एवढंच कळावं की बेगमी सत्राअखेरपर्यंत पुरते आहे की नाही. त्यातही 'पुरत नाही' हे ॲपनं आपल्याला कळवण्यापेक्षा मुलानं फोन करून सांगावं. ऑक्टोबरात पैसे संपलेली मुलं बहुधा उधळी नसतात. ती घाबरलेली असतात. घरच्यांनी घर गहाण ठेवून पाठवलेला मुलगा 'पैसे संपले' म्हणण्याऐवजी एक वेळ जेवण सोडतो. त्यानं फोन करावा अशी सोय कोणत्याही ॲपमध्ये नाही. ती आपल्या बोलण्यात असावी लागते.

आपल्या मंडळात संगणकावर काम करणारे हात कमी नाहीत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलेली, काहीतरी करून दाखवायला उत्सुक असलेली मुलंही पुष्कळ. त्यांच्यापैकी कोणी असं ॲप करायला घेतलं, तर पहिल्या पडद्यावर दोनच प्रश्न ठेवा, ही माझी विनंती: 'हातात किती आहेत?' आणि 'कधीपर्यंत पुरवायचे आहेत?' बाकी सगळं नंतर.