कच्चा लिंबू राजपुत्र

संगणकावरच्या खेळावर दिवाळी अंकात टीकालेख लिहावा, आणि तोही मॅट्रिकपुढे न गेलेल्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका शिक्षिकेने, हे कित्येक वाचकांना चमत्कारिक वाटेल. वाटो. नाटका-सिनेमांवरचे लेख आपण फराळाच्या ताटाबरोबर आवडीने वाचतो. मग ज्या करमणुकीपुढे आपली मुले, आणि खोटे कशाला बोला, आपले दीर आणि जावईसुद्धा तासन्‌तास बसतात, तिचे गुणदोष कोणीतरी घरच्या भाषेत सांगायला नकोत का? शिवाय मला या खेळांचा छंद शाळेत असल्यापासून आहे. तो लपवण्याचे वय आता राहिलेले नाही.

ज्या खेळाबद्दल मला बोलायचे आहे तो इराणातल्या राजपुत्राचा, पण त्याचा कर्ता अमेरिकन. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने १९८९ साली ॲपल-२ या संगणकासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ रचला आणि ब्रॉडरबंड या कंपनीने तो प्रसिद्ध केला. कथा म्हणाल तर आजीने सांगावी इतकी साधी. सुलतान लढाईवर गेलेला. मागे वजीर जाफर राजकन्येला कोंडतो आणि सांगतो, तासाभरात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैदेत. त्याने साठ मिनिटांत बारा टप्पे ओलांडून तिच्यापर्यंत पोचायचे. बस्स, एवढेच.

पण त्या राजपुत्राची चाल! मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चित्र गिरवून पडद्यावरचा राजपुत्र घडवला. तलवारीचे हात १९३८ सालच्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या बोलपटातल्या द्वंद्वावरून उचलले. संगीत वडिलांचे. सगळा घरचाच कारभार. त्यामुळे झाले असे की, हा बोटभर माणूस फरशी खचून खाली पडला की खरेच कोणीतरी पडल्यासारखे वाटे. जमिनीतून खिळे वर येत, दारातून कात्रीसारखे दात मिटत, आणि एक पाऊल चुकले की खेळ खलास. मग टप्पा पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ मात्र चालूच. जाफर काही आपल्यासाठी थांबायचा नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या संगणकवर्गात तीन यंत्रे होती आणि त्यांतल्या एकावर हा खेळ होता. आम्ही पाचसहाजणी एका खुर्चीभोवती उभ्या राहत असू. एकीने खेळायचे, बाकीच्यांनी किंचाळायचे. राजकन्येपर्यंत आमच्यापैकी एकच पोचली. पण मला आठवते ते वेगळेच आहे. चौथ्या टप्प्यात वाटेत एक आरसा उभा राहतो. त्यात धावत जाऊन उडी घ्यावी लागते आणि पलीकडून आपलीच सावली निघून पळून जाते. पुढे ती सावली आपल्यासाठी ठेवलेले औषध पिऊन टाकते, दार लावून आपल्याला खाली पाडते. शेवटी बाराव्या टप्प्यात ती तलवार घेऊन समोर येते. आपण तिच्यावर वार केला की घाव आपल्यालाच बसतो. येथे करायचे काय? तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचे. दोघे एक होतात. मग समोरच्या पोकळीत पाऊल टाकावे, तर पायाखाली वाट उमटते.

यातली गंमत वाचकांनी नीट पाहावी. तलवार म्यान करायला बोटांचे कसब लागत नाही, पाच वर्षांचे पोरही ते करील. मग तो प्रसंग अवघड का? तर अकरा टप्पे ‘समोर तलवार दिसली की उपस’ असे आपले हात मरूनमरून शिकलेले असतात. ते शिकलेले एका क्षणात सोडायचे! आधीची मरणे स्वस्त असती, तर हा क्षण फुकट गेला असता. (मेकनरला ही सावली सुचली ती यंत्राच्या स्मृतीत नवे पात्र मावेना म्हणून, त्याने राजपुत्राचेच चित्र वापरले. अडचणीतून असे काही निघते तेव्हा लेखकाला हेवा वाटतो.)

पुढे २००३ साली युबीसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल शाखेने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. कथा मेकनरचीच. ती सुरू होते हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने आणि नायिका फराह ही त्या महाराजाची कन्या. येथे राजपुत्राच्या हाती असा खंजीर येतो की पडता पडता काळ मागे फिरवता यावा. पण त्यासाठी वाळू लागे, आणि वाळू संपे. सवलत होती, पण मोजून दिलेली. (याच खेळाची नवी आवृत्ती युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबई शाखा करणार असे २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा मला उगाचच गावची पोर मोठ्या घरी द्यावी तसा आनंद झाला होता. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेले.)

आता मूळ मुद्द्याकडे येते. २००८ च्या डिसेंबरात त्याच मॉन्ट्रियल शाखेने सगळे जुने पुसून नव्याने मांडणी केली. नाव पुन्हा नुसते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. राजपुत्रही नवा, आणि खरे तर राजपुत्रच नव्हे, एक भटक्या. सोन्याने लादलेली त्याची गाढवी वाळवंटात हरवली आहे. तिचे नाव फराह! आमच्या महाराजांच्या लेकीचे नाव गाढवीला ठेवणाऱ्यांना काय म्हणावे? असो. गाढवी शोधताना त्याला एलिका भेटते. ही खरी राजकन्या. तिच्या बापाने एक झाड तोडून अहरिमनाला बंधनातून सैल केले आहे. मुंबईच्या पारशी शेजाऱ्यांमुळे अहुरमज्द आणि अहरिमन, प्रकाश आणि अंधार, ही जोडी आपल्याला अगदीच परकी नाही. काळवंडलेली भूमी एकेक करून शुद्ध करीत दोघांनी हिंडायचे, असा हा खेळ. चित्रे तर अशी की जलरंगांनी नुकतीच रंगवली आहेत आणि अजून वाळायची आहेत.

आणि या खेळात मरण नाही.

म्हणजे असे : राजपुत्राची उडी चुकली की एलिका झेपावते, त्याचे मनगट धरते आणि मागच्या पक्क्या जमिनीवर आणून सोडते. लढाईत शत्रूचा शेवटचा घाव पडणार तोच ती मध्ये येते. फार तर शत्रूला थोडी शक्ती परत मिळते. उडी तोकडी पडत असेल, तर ती हवेतच पुढे ढकलते. वाट सापडत नसेल, तर तिने सोडलेला प्रकाशाचा गोळा वाट दाखवतो. पहिल्या तासात मला हे फार सुखाचे वाटले. तिसऱ्या तासात मी एका हाताने शेंगा सोलत होते. सहाव्या तासाला आमच्या वर्गातला एक मुलगा जे म्हणाला होता ते पटले : “बाई, त्यात मरताच येत नाही!” त्याचा सूर तक्रारीचा होता.

आपल्याकडे या स्थितीला फार चांगला शब्द आहे. लपंडावात, आट्यापाट्यांत एखादे धाकटे भावंड हट्ट धरून बसते, तेव्हा त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. तो धावतो, ओरडतो, सापडतोही, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांना वाटते, पोर खूश आहे. पोराला मात्र दोन दिवसांत कळते की आपण खेळात नाही, खेळाच्या कडेला आहोत. ज्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येते त्या दिवशी ते रडते आणि घरी जाऊन अभिमानाने सांगते. २००८ च्या राजपुत्राला हे भाग्य लाभत नाही. सबंध खेळभर तो कच्चा लिंबूच राहतो.

या खेळाची बाजू घेणारे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही, की इतर खेळांत तरी काय होते? मेला की मागच्या खुणेवर जिवंत होतो. तेथे पडदा काळा होतो, येथे एलिकाचा हात येतो. हिशेब तोच! चुकलेली उडी पुन्हा मारावी लागतेच. हे खरे आहे. उगाच खिळ्यांवर शंभरदा मारणारे खेळ मलाही आवडत नाहीत. शिक्षिका म्हणून तर मुळीच नाही. नापास करण्यात पुरुषार्थ मानणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरवले तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला होता आणि २०१९ मध्ये तो नियम सैल झाला तेव्हा हळहळलेही होते. तेव्हा ‘मुलांना पडू द्या, म्हणजे शिकतील’ असे सरसकट म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

माझी तक्रार कादंबरी लिहिणारीची आहे. एलिकाने शेकडो वेळा हात द्यावा, पण त्या हाताची तिला काही किंमत पडावी की नाही? ती दमत नाही, तिला धाप लागत नाही, एकदा उशीर होत नाही. जी मदत देणाऱ्याला काहीच पडत नाही, ती घेणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. जिन्याच्या कठड्याचे आपण कधी आभार मानतो काय? तिच्याशी बोलणेसुद्धा एका कळीवर ठेवले आहे : दाबली तर ती बोलेल, न दाबली तर गप्प. आणि बोलते तेव्हा ती हुशार, करारी, दुःख गिळलेली अशी सुरेख मुलगी आहे, म्हणून तर अधिक वाईट वाटते.

गमतीची गोष्ट ही की हिशेब ठेवणारा कोणीतरी या खेळात बसलेला होता. एलिकाला शंभरपेक्षा कमी वेळा वाचवावे लागले तर एक पदक मिळते आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘तिच्याशी सांभाळून वाग’ असा आहे. म्हणजे कर्त्यांना कळत होते! फक्त ते पदक राहिले वहीच्या मागच्या पानावर, कथेत आलेच नाही.

येथून पुढे शेवट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. ज्यांना तो स्वतः पाहायचा असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

एलिका पूर्वीच मेलेली असते. बापाने अहरिमनाशी सौदा करून तिला जिवंत केलेले असते आणि म्हणून हा अनर्थ. अखेरीस अहरिमनाला पुन्हा बांधण्यासाठी ती आपला प्राण देते. आता हात देणारीच उरली नाही. राजपुत्र तिला उचलून बाहेर आणतो, पडद्यावर श्रेयनामावली सरकते आणि तुम्हाला वाटते, संपले. पण संपलेले नसते. समोर चार झाडे उभी असतात. ती तोडली तर एलिका उठेल आणि अहरिमन सुटेल. बापाने केले तेच आपण करायचे. नको असेल तर यंत्र बंद करून उठायचे. पुढे न्यायचा असेल तर मात्र हाच एक मार्ग. झाडे आपोआप तुटत नाहीत. प्रत्येकापाशी चालत जाऊन आपल्याच हाताने घाव घालावा लागतो.

कल्पना थोर आहे. सावलीपुढे तलवार म्यान करण्याच्या तोडीची आहे असे मी म्हणते, आणि हे मी सहज म्हणत नाही. पण तेथे अकरा टप्प्यांची शिकवण मोडायची होती. येथे मोडायला काय आहे? दहाबारा तास खेळाने एकच शिकवले की काहीही बिघडत नाही. एलिकाला आपल्यासाठी झिजताना आपण पाहिलेच नाही. उसन्या आयुष्यातले थोडे थोडे प्रत्येक हाताबरोबर ती खर्च करते आहे असे जर दाखवले असते, आणि मग ती झाडे समोर आली असती! मी चारही झाडे तोडली. तोडताना मला आठवण झाली ती खेळभर वेचलेल्या प्रकाशबीजांची. ती एकूण एक हजार एक आहेत आणि तीही अशीच एकामागून एक वेचायची असतात.

कंपनीने ही नवी मांडणी पुढे वाढवली नाही. एक छोटे उपकथानक २००९ मध्ये आले आणि २०१० च्या ‘द फरगॉटन सँड्स’मध्ये जुनी वाळू परत आणली. मग बऱ्याच काळाने, २०२४ च्या जानेवारीत, युबीसॉफ्टच्या फ्रान्समधल्या माँपेलिए शाखेने ‘द लॉस्ट क्राउन’ काढला. नायक सारगॉन नावाचा योद्धा. राजपुत्राला सोडवायला जातो. हा खेळ चांगलाच अवघड आहे, आणि तरी त्यात मदत हवी तेवढी आहे. शत्रूचे घाव किती जोराचे असावेत ते ठरवता येते, कुठे जायचे ते नकाशावर दाखवून घेता येते, उड्यांची एखादी जागा जमतच नसेल तर ती ओलांडून जाण्याचे दारसुद्धा उघडता येते. पण हे सारे आपण मागितले तर. ज्याची बोटे नीट चालत नाहीत त्याला हा खेळ खेळता येतो आणि ज्याला पडायचे आहे त्याला पडता येते. मी दोन ठिकाणी मदत घेतली. तिसऱ्या ठिकाणी हट्टाला पेटले आणि स्वयंपाकाला उशीर झाला.

घरात दहाबारा वर्षांची मुले असतील तर सुट्टीत त्यांना प्रथम १९८९ चा खेळ दाखवावा. एकाने खेळावे, बाकीच्यांनी खुर्चीमागे उभे राहून किंचाळावे. आरशापर्यंत तरी ती पोचतीलच. २००८ चाही जरूर पाहावा, निदान त्या चित्रांसाठी. मात्र चार झाडे समोर आली की मोठ्यांनी काही न बोलता बाजूला बसावे आणि काय करायचे ते मुलांना ठरवू द्यावे.