ढोलकीची थाप आणि मांजराची फजिती

'द कॅट कन्सर्टो' (१९४७) हा टॉम-जेरीचा पट बोलपटांच्या काळातला, पण त्यात कोणी अवाक्षर बोलत नाही. टॉम कोट घालून पियानोवर लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला बसतो, आत झोपलेला जेरी जागा होतो आणि दोघांची जुंपते. अखेरीस टॉम दमून कोसळतो. टाळ्या उंदीर घेतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या या पटाला ऑस्कर मिळाले. त्याच सुमारास वॉर्नर कंपनीने हीच रचना आपल्या सशाकडून वाजवून घेतली आणि उचलेगिरीचे आरोप दोन्हीकडून झाले. तो वाद मला गौण वाटतो.

महत्त्वाचे आहे ते संगीताचे स्थान. येथे सूर प्रसंगामागे धावत नाहीत. प्रसंगच सुरांवर रचला आहे. म्हणून उंदराची खोडीसुद्धा लयीत बसते. जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला हे नवे वाटू नये. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांतून ज्या तमाशांच्या सुपाऱ्या ठरतात, त्यांतला सोंगाड्या अडखळतो तोही ढोलकीच्या थापेवर. थाप जरा चुकली की हशा गेला.

मग मराठी मुलखात असे चित्र का झाले नाही? कल्पकता नव्हती म्हणावे, तर दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच 'आगकाड्यांची मौज' केली होती. काड्या किंचित हलवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या. तो पट आज उपलब्ध नाही. पण सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर सात मिनिटांना १०,०८० होतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी पाच हजारांवर चित्रे, तीही एकाच पात्राची. हे पगारी कारखान्याचे काम.

तो कारखाना मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने उभारला. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, राम मोहन तिथे घडले, १९५७ मध्ये जातककथेवरचा 'द बनियन डिअर' आला. पट देखणा आहे. मात्र सरकारी पैशाला सुविचार हवा होता. हरीण त्याग करते. खोडी काढून वर शाबासकी घेणाऱ्या उंदराला कोणत्या खात्याने मंजुरी दिली असती? सोंगाड्या तर पाटलाची टर पाटलादेखत उडवत आला, कारण त्याचे पोट हशावर होते.

अर्थात गल्ल्याचेही काही खरे नसते. जुने पट पुन्हा लावूनही जवळपास तेवढेच पैसे मिळतात, हे ध्यानात येताच त्याच १९५७ मध्ये एमजीएमने आपला व्यंगपट विभाग बंद केला, आणि हॅना-बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले.