मृगयेतील मौन : मराठी साहित्यातील एक दुर्लक्षित ज्ञानपरंपरा
(शहापूर–मुरबाड परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

साहित्यातील मृगयेचा विचार सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. एक म्हणजे शिकाऱ्याचे शौर्य आणि दुसरे म्हणजे मरणाऱ्या प्राण्याविषयीची करुणा. दोन्ही विचार बाण सुटल्यानंतरच्या क्षणापासून सुरू होतात. परंतु प्रत्यक्ष शिकारीत तो क्षण अत्यल्प असतो. खरा काळ जातो तो त्याआधी, म्हणजे माग काढण्यात, वारा पाहण्यात आणि पाचोळ्यावर पाऊल न वाजू देता हरणाच्या ठिकाणापर्यंत पोहोचण्यात. या निःशब्द वाटचालीकडे समीक्षेने स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच पाहिले आहे. हे मौन कोणाचे, ते साहित्यात कसे आले आणि येताना त्यातून कोण गळले, या तीन प्रश्नांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मौनाचे व्यावहारिक स्वरूप

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. तानसा आणि भातसा यांचे खोरे, माहुलीचा डोंगर, माळशेज आणि नाणेघाट यांच्या उतरणी हा त्यांचा भूगोल, तर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली हे येथील प्रमुख आदिवासी समाज. येथील रान मुख्यतः पानझडीचे आहे. माघ-फाल्गुनात साग, ऐन यांची पाने गळतात आणि सागाचे वाळलेले रुंद पान पायाखाली पापडासारखे मोडते. सांबर आणि भेकर हे प्राणी दृष्टीपेक्षा कान आणि नाक यांवर अधिक विसंबतात. त्यातही त्यांना सावध करतो तो केवळ आवाज नव्हे, तर आवाजाची लय. रानात सतत काही ना काही वाजत असतेच. पण दोन पायांवर चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा एकसारखा ठेका इतर कोणत्याही आवाजाहून निराळा पडतो.

म्हणून जाणता माणूस ठेका मोडून चालतो, मध्येच थांबतो, प्राण्याने मान वर केली की आहे त्या स्थितीत गोठतो. तो पाचोळा टाळून ओहोळाच्या दगडांवरून जातो आणि वारा समोरून येईल अशीच वाट धरतो. टिटवी ओरडली, वानराने इशारा दिला किंवा भेकर भुंकले की वाट फुकट गेली, हे त्याला ठाऊक असते. यावरून असे दिसते की हे मौन म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे. दुसऱ्याचे आवाज वाचता यावेत यासाठी स्वतःचा आवाज काढून घेणे, असे त्याचे स्वरूप आहे. ते एक सक्रिय श्रवण आहे आणि म्हणूनच ते ज्ञान आहे.

हाका आणि माग : दोन परंपरा

आपल्या साहित्यपरंपरेत मृगयेचे दोन स्पष्ट प्रकार आढळतात. पहिला हाक्याचा. त्यात माणसे, कुत्री, वाद्ये आणि आरडाओरडा यांनी रान उठवले जाते आणि श्वापद शिकाऱ्याच्या पुढ्यात ढकलले जाते. ही सत्तेची शिकार होय. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करतो. दुसऱ्या अंकात विदूषक तक्रार करतो ती पहाटेच रान घेरणाऱ्या पारध्यांच्या कोलाहलाने झोपमोड झाल्याची. सेनापती मृगयेचे गुण गातो. मात्र राजाचे मन पालटल्यावर पुढे गेलेल्या हाकेकऱ्यांना परत बोलावले जाते. प्रेमाचा उदय आणि कोलाहलाचा अस्त या नाटकात एकाच वेळी घडतात, ही बाब लक्षणीय आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मृगयेला राजाच्या विनोदांत स्थान आहे, हेही याच परंपरेचे द्योतक होय.

दुसरा प्रकार मागाचा, म्हणजे एकट्याच्या निःशब्द शिकारीचा. ‘रामायणा’तील दशरथाची कथा येथे आठवते. शरयूच्या काठी अंधारात घडा भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटतो आणि शब्दवेधी बाण मुनिपुत्राला लागतो. राजाला नेम साधला होता. आवाज ओळखण्याची विद्या साधली नव्हती. याउलट ‘महाभारता’तील एकलव्याचा प्रसंग पाहावा. पांडव मृगयेसाठी वनात येतात, त्यांचा कुत्रा एकलव्याला पाहून भुंकतो आणि तो निषादपुत्र सात बाणांनी त्याचे तोंड बंद करतो. या प्रसंगाचे वाचन गुरुभक्ती किंवा अन्याय या अंगांनी पुष्कळ झाले आहे. परंतु ध्वनीच्या अंगाने पाहिले तर येथे दरबारी शिकारीचा गोंगाट आणि वनवासीयाचे मौन समोरासमोर येतात. गोंगाट थांबतो, मात्र त्याची किंमत म्हणून अंगठा मागितला जातो. अरण्यविद्येचे कौतुक करावे आणि ती धारण करणाऱ्याला मात्र अपंग करावे, हा व्यवहार पुढील साहित्यातही निराळ्या रूपात चालू राहिला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठीपुरते पाहता, ‘लीळाचरित्रा’तील सशाची लीळा येथे महत्त्वाची ठरते. पारध्यांपासून पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला अभय देतात. मराठी गद्याच्या आरंभकाळीच शिकार थांबवणारा संवाद आला, ही भूषणावह गोष्ट होय. तथापि त्या संवादात बोलतात ते स्वामी. पारध्यांच्या वाट्याला येते ते ऐकणे.

आधुनिक शिकारकथा आणि वाटाड्या

आधुनिक काळातील शिकारकथेचा साचा परिचित आहे. बंदूकधारी निवेदक प्रथमपुरुषी बोलतो आणि त्याच्या पुढे एक स्थानिक वाटाड्या चालतो. वाटाड्या ओठांवर बोट ठेवतो, पायतण काढायला सांगतो, हाताने थांबवतो. कथेतील सगळा ताण या खुणांवर उभा असतो. परंतु गोळी सुटताच निवेदक पुन्हा केंद्रस्थानी येतो आणि वाटाड्या मांसाच्या वाट्यापुरता उरतो. त्याचे कौशल्य ‘जन्मजात’, ‘रानटी’, ‘जनावरासारखे’ अशा विशेषणांनी गौरवले जाते. या गौरवातच अवमूल्यन दडलेले आहे; कारण जे जन्मजात ते शिकलेले नव्हे आणि जे शिकलेले नव्हे त्याला विद्या म्हणण्याची गरज उरत नाही.

व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी हा साचा बदलला. माडगूळकर स्वतः शिकारी होते. पुढे बंदूक मागे पडली आणि पाहणे उरले. ‘नागझिरा’ (1979) या पुस्तकात शिकाऱ्याची सारी शिस्त कायम आहे. दबकणे आहे, वाट पाहणे आहे, वाऱ्याचे भान आहे. नाही तो केवळ बार. मौनाचे प्रयोजन मारण्याकडून पाहण्याकडे सरकले, हे मराठी गद्यातील एक मोठे स्थित्यंतर मानावे लागेल. चितमपल्ली (1932–2025) यांनी त्यापुढे जाऊन वनवासीयांकडून शब्द घेतले आणि ते कोशांत व ललित लेखनात नोंदवले. अरण्यातील मौनाला त्यांनी भाषा दिली.

ठाण्याच्या रानाची अनुपस्थिती

असे असले तरी मराठी अरण्यलेखनाचा नकाशा बहुतांशी विदर्भाचा आहे. नागझिरा, नवेगाव, मेळघाट ही नावे वाचकाच्या ओठांवर आहेत. ठाण्याचे रान साहित्यात आले ते निराळ्या वाटेने. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) या ग्रंथात वारल्यांचे मौन हे वेठबिगारीतून आलेल्या भयाचे मौन आहे आणि ते मोडणे हाच त्या ग्रंथाचा विषय आहे. ती ऐतिहासिक गरज होती, यात शंका नाही. मात्र त्यामुळे एक परिणाम असाही झाला की आदिवासींचे मौन म्हणजे दडपणूक, हे समीकरण वाचकाच्या मनात रुजले. त्यांच्याजवळ कौशल्याचेही मौन आहे, ही बाब मागे पडली. ती दिसते वारली चित्रांत. जिव्या सोमा मशे (निधन 2018) यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या या चित्रपरंपरेत शिकारीची दृश्येही येतात. परंतु चित्र पाहणारा नागर प्रेक्षक त्यांत बहुधा सजावट पाहतो, विद्या पाहत नाही.

एक आक्षेप

येथे आक्षेप घेतला जाईल की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला असताना तिच्या तंत्राचा गौरव कशासाठी? आक्षेप रास्त आहे. घटत्या वन्यजीवांचे रक्षण झालेच पाहिजे आणि चोरट्या शिकारीला परंपरेची ढाल मिळता कामा नये. परंतु कृती निषिद्ध ठरली म्हणून तिच्यातील ज्ञान निषिद्ध ठरत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री तानसा अभयारण्यात पाणवठ्याजवळच्या मचाणांवरून प्राणीगणना होते, तेव्हा नागर निसर्गप्रेमींना ज्या सूचना कराव्या लागतात त्या जुन्याच असतात : बोलू नका, हलू नका, अत्तर लावू नका, भडक कपडे नकोत. हीच शिस्त पारध्याने पाळली तर तो संशयित आणि पाहुण्याने पाळली तर तो अभ्यासक, हा भेद ज्ञानाचा नसून सामाजिक स्थानाचा आहे.

निष्कर्ष

1. मृगयेतील मौन हे आवाजाचा अभाव नसून श्रवणाधिष्ठित ज्ञान आहे.
2. हाका ही सत्तेची, तर माग ही वनवासीयांची परंपरा असून साहित्याने पहिलीला वैभव आणि दुसरीला केवळ विशेषणे दिली.
3. माडगूळकर व चितमपल्ली यांनी मौनाचे प्रयोजन पालटले. तथापि ज्याच्याकडून ते मौन आले त्याचे स्वतःचे निवेदन मराठीत अद्याप अपुरे आहे.
4. ग्रामीण ठाण्यातील महाविद्यालयांत लोकसाहित्य-संकलनाचे प्रकल्प गाणी, कथा आणि उखाणे यांपाशी थांबतात. जे गाता येत नाही, सांगितले तर अंगाशी येईल अशी धास्ती वाटते, ते वहीत उतरतच नाही.

शेवटचा मुद्दा अध्यापकांच्या अखत्यारीतला आहे. ठाकूर आणि कातकरी घरांतील मुले आज आपल्या वर्गांत बसतात. त्यांचे आजोबा ज्या पद्धतीने रान ऐकत, ती पद्धत या पिढीबरोबर संपण्याची शक्यता आहे. ती नोंदवायची तर प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपला आवाज खाली आणला पाहिजे आणि सांगणाऱ्याला गुन्हेगार ठरण्याचे भय वाटणार नाही याची हमी दिली पाहिजे. या दोन गोष्टी झाल्या तर मराठी अरण्यलेखनातील वाटाड्या प्रथमच स्वतः लेखक होऊ शकेल.