खाण वाढते, रस्ता ‘पुरतो’: वाहतुकीच्या प्रकरणावर थोडी टीका

मागच्या महिन्यात एका ज्युनियरने विचारलं, “ताई, ईआयए अहवालावर टीका करायची म्हणजे नेमकं काय शोधायचं?” तिच्या हातात दगडखाणीच्या विस्ताराचा अहवाल होता आणि तिने वाहतुकीच्या प्रकरणातल्या चुका पेन्सिलीने गोल करून आणल्या होत्या. चुका खऱ्या होत्या. पण मीही पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं आणि माझ्या गाइडनी एका प्रश्नात ते सगळं निकालात काढलं होतं. तो प्रश्न पुढे येईलच. आधी ते प्रकरण कसं असतं ते बघू.

महाराष्ट्रातल्या बेसाल्टच्या खाणींचे असे बरेच अहवाल मी आता वाचले आहेत. वाहतुकीचं प्रकरण दोन-तीन पानांचं असतं. एक-दोन दिवसांची वाहनगणना, एक तक्ता, एक गुणोत्तर आणि शेवटी वाक्य: सध्याचा रस्ता वाढीव वाहतूक पेलण्यास सक्षम आहे. मग ताडपत्री टाकू, पाणी मारू, रस्त्याकडेला झाडं लावू.

कोणा एका खाणीचं नाव घेत नाही. समजा, एक खाण वर्षाला १ लाख टन दगड काढते आणि तिला ३ लाख टनांवर जायचं आहे. खाणीपासून हमरस्त्यापर्यंत एकपदरी डांबरी रस्ता, रुंदी ३.७५ मीटर, वाटेत गाव आणि शाळा. (आकडे मी मांडणीसाठी घेतलेत, तुमच्या भागातले टाकून बघा.) ठरलेल्या पद्धतीचा अहवाल हिशेब असा करतो: वाढीव २ लाख टन भागिले ३६५ दिवस, म्हणजे रोज सुमारे ५४८ टन. एका गाडीत २० टन धरले तर २८ गाड्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६४ (१९९०) प्रमाणे एक ट्रक म्हणजे ३ पीसीयू, म्हणजे ट्रक जेवढा रस्ता अडवतो तेवढा तीन मोटारी अडवतात. २८ गुणिले ३, ८४ पीसीयू. आज रस्त्यावर रोज ६०० पीसीयू आहेत असं धरू, उद्या ६८४ होतील. सपाट भागातल्या एकपदरी रस्त्याची क्षमता त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला २,००० पीसीयू दिली आहे. गुणोत्तर ०.३० वरून ०.३४. संपलं प्रकरण.

आता चुका. खाण ३६५ दिवस चालत नाही. पावसाळा, सण आणि बंद दिवस वजा केले तर ३०० धरणंच जास्त आहे. तीन आसांच्या टिपरचं कायदेशीर एकूण वजन २०१८ च्या वाढीनंतर २८.५ टन आहे. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माल १७ टनांच्या आसपास उरतो. २० टन भरायचे तर ओव्हरलोड करावं लागेल, म्हणजे अहवालानेच नकळत ओव्हरलोडिंग गृहीत धरलंय! आणि सगळ्यात ढोबळ चूक म्हणजे भरून गेलेली गाडी रिकामी परत येते हे विसरणं. एक गाडी म्हणजे दोन फेऱ्या. नीट हिशेब केला तर ३९ गाड्या, ७८ फेऱ्या, २३४ पीसीयू.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने लिहून नेलं. गाइडनी वाचलं आणि विचारलं, “बरोबर आहे. पण उत्तर बदललं का?”

नाही बदललं. ६०० अधिक २३४ म्हणजे ८३४, गुणोत्तर ०.४२. रस्ता अजूनही ‘सक्षम’.

इथे थोडं थांबा, कारण संशोधनाच्या तयारीत असताना ही गोष्ट कुणी सांगत नाही. आकड्यांतली चूक दाखवणं ही टीकेची पहिली पायरी झाली. समोरचा आकडा दुरुस्त करतो, आभार मानतो आणि निष्कर्ष तसाच ठेवतो. त्यापेक्षा उलट बाजूने हिशेब करून बघा: या पद्धतीने ‘नाही’ असं उत्तर यायला काय व्हावं लागेल? आपल्या उदाहरणात आणखी १,४०० पीसीयू लागतील. म्हणजे सुमारे ४६७ जादा फेऱ्या. आधीच्या ४० धरून दिवसाला ५०७. दहा तासांच्या कामात दर सव्वा मिनिटाला गावातून एक टिपर. तोवर अहवाल म्हणत राहणार की परिणाम नगण्य. ज्या पट्टीवर ‘नाही’ इतकं लांब आहे, ती पट्टी या रस्त्यासाठी नाहीच.

मग पट्टी कुठून आली? खाण प्रकल्पांना पर्यावरण मंत्रालयाकडून जे प्रमाणित संदर्भ-विषय दिले जातात, त्यांत साधारण असंच विचारलेलं असतं: प्रकल्पामुळे वाढणारी ट्रक वाहतूक काढा आणि सध्याचं रस्त्यांचं जाळं ती पेलू शकेल का ते सांगा. सल्लागार लबाड असतोच असं नाही, तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रश्न क्षमतेचा आहे. क्षमता ही कल्पना गर्दीच्या रस्त्यांसाठी आहे. गाड्या एकमेकींना किती अडवतात, वेग किती कमी होतो, हे त्यात मोजलं जातं. हमरस्त्याच्या जंक्शनवर तिचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण गावाच्या रस्त्यावर कुणालाच गर्दीची भीती वाटत नसते.

याचा एक गमतीशीर पुरावा त्याच पीसीयूच्या तक्त्यात आहे. ट्रकला ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५ आणि बैलगाडीला ८. अडथळा म्हणून हे बरोबर आहे, बैलगाडी खरंच रस्ता अडवते. पण साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या बैलगाड्यांमागून शाळेत जाणाऱ्या पोराला विचारा, एक बैलगाडी जास्त धोक्याची की अडीच टिपर. पीसीयूमध्ये धोका मोजलेलाच नाही. आणि पायी चालणारा माणूस? त्याला या तक्त्यात रकानाच नाही.

तेच उदाहरण वेगळ्या नजरेने बघू. आज खाणीच्या ४० फेऱ्या आहेत, उद्या ११८. दहा तासांचा दिवस धरला तर आज दर पंधरा मिनिटांनी एक टिपर, उद्या दर पाच मिनिटांनी एक. रस्ता ३.७५ मीटर, टिपर अडीच मीटर रुंद. उरतो सव्वा मीटर, दोन्ही बाजूंना मिळून. दोन टिपर समोरासमोर आले की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं आणि साइडपट्टीवर तेव्हा कोण चालत असतं, हे वेगळं सांगायला नको. पंधरा मिनिटांच्या फटीत आजी नातवाला घेऊन शाळेपर्यंत पोहोचते. पाच मिनिटांच्या फटीत तिला वाटेत एक-दोनदा तरी गटाराकडे सरकावं लागतं. ०.३० ते ०.४२ या प्रवासात यातलं काही दिसतं का?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतात. तिथल्या १९९३ च्या रस्ते-वाहतूक मार्गदर्शिकेने (२०२३ मध्ये तिची जागा नव्या मार्गदर्शिकेने घेतली) गाळणी ठेवली ती वाढीच्या टक्क्यांवर: अवजड वाहनं ३० टक्क्यांहून जास्त वाढणार असतील तर तो रस्ता अभ्यासात घ्या, संवेदनशील जागी एकूण वाहतूक १० टक्के वाढली तरी घ्या. आणि मग बघायचं काय, तर रस्त्यामुळे गावाचे दोन तुकडे पडतात का, ओलांडायला किती थांबावं लागतं, पादचाऱ्याला भीती वाटते का. भीती हा शब्द तिथे सरळ यादीत आहे. हेही निर्दोष नाही. खाणीचा विस्तार असेल तर जुन्या खाणीचे ट्रक ‘सध्याच्या’ वाहतुकीत मोजले जातात, त्यामुळे मूळ आकडा फुगतो आणि टक्का लहान दिसतो. शिवाय टक्क्याला तास कळत नाहीत, सकाळी साडेदहाची आणि दुपारी दोनची फेरी त्याला सारखीच. तरीही तिथे मोजायला घेतलेली वस्तू माणूस आहे.

जुन्या खाणीची युक्ती आपल्याकडेही चालते, आणि तिला जोड मिळते शेजारच्या खाणींची. एका डोंगराला चार-पाच खाणी लागून असतात. प्रत्येकीचा अहवाल स्वतःपुरते ट्रक मोजतो आणि परिणाम ‘नगण्य’ म्हणतो. रस्ता मात्र एकच. पाचशे मीटरच्या आतल्या खाणींचा एकत्रित गट धरावा ही तरतूद २०१६ पासून आहे, पण रस्त्याच्या दृष्टीने पाचशे मीटरला अर्थ नाही. तीन किलोमीटर लांबची खाणही त्याच शाळेसमोरून माल नेते.

आता डांबराबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक अहवालांत तो नसतोच. रस्त्याचं नुकसान आसाच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या आशो रोड टेस्टमधून आलं. चार हा घात देवाने दिलेला नाही, रस्त्याच्या प्रकारानुसार तो बदलतो, पण अंदाजाला पुरतो. भारतात प्रमाण आस ८.१६ टनांचा. मागच्या एकेरी आसाची मर्यादा २०१८ मध्ये १०.२ वरून ११.५ टन झाली. वजन वाढलं पावणेतेरा टक्के. नुकसान? १०.२ ला २.४४ पट, ११.५ ला ३.९४ पट, म्हणजे वाढ साठ टक्क्यांहून जास्त. आणि ही कायदेशीर भरलेली गाडी.

आपला तीन आसांचा भरलेला टिपर मिळून पाच प्रमाण-आसांहून थोडं जास्त नुकसान करतो. ३९ गाड्या, ३०० दिवस, गुणिले पाच: वर्षाला जवळजवळ ५८ हजार प्रमाण-आस, फक्त वाढीव उत्पादनाचे. ग्रामीण रस्त्यांच्या आयआरसी एसपी ७२ (२००७) मध्ये टी-३ वर्गाचा रस्ता दहा वर्षांत ६० हजार ते १ लाख प्रमाण-आसांसाठी बांधतात. म्हणजे विस्तारित खाण एकटी त्या रस्त्याचं दहा वर्षांचं आयुष्य दोन वर्षांत खाऊन टाकेल. तोच रस्ता गुणोत्तराच्या तक्त्यात ०.४२ वर मजेत आहे! ‘पेलण्यास सक्षम’ हे शब्द इथे शब्दशः खोटे ठरतात. आणि खड्डे चुकवायला टिपर जेव्हा साइडपट्टीवर येतो, तेव्हा हा मुद्दा परत पायी चालणाऱ्यांपाशी येऊन पोहोचतो.

जनसुनावणीत गावकरी नेमकं हेच बोलतात. एका सुनावणीला मी मागच्या खुर्चीत बसले होते. एक बाई उठून म्हणाल्या, “साहेब, पोरं शाळेत कशी धाडायची ते सांगा.” इतिवृत्तात त्यापुढे उत्तर छापलं: वाहतूक रस्त्याच्या क्षमतेच्या मर्यादेत आहे. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. आकडे नाहीत म्हणून बाईंचं म्हणणं ‘भावनिक’ ठरतं, आणि आकडे नसतात कारण ते गोळा करायला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून त्या ज्युनियरला मी सांगितलं, गोल केलेल्या चुका परिशिष्टात टाक. आणि आधी गणनेची तारीख बघ. मार्च ते मे हा अभ्यासाचा आवडता हंगाम असतो, आणि गणना मे महिन्यात झाली असेल तर शाळेला सुट्टी होती. मग स्वतः जाऊन बस, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी, दोन टिपरमधलं अंतर सेकंदांत लिही, आणि त्याच पानावर चालणारी माणसं मोज, वयाच्या अंदाजासह. रोजच्या गाड्यांसाठी अहवालावर विसंबू नको. गौण खनिजाचे वाहतूक पास आता महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून निघतात, तालुक्याला माहिती अधिकारात अर्ज टाक, वजनकाट्याच्या पावत्याही माग. पासवरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळतं का, हा एक स्वतंत्र पेपर आहे.

ती म्हणाली, “पण सेकंद मोजून मी कुठल्या मानकाशी ताडून बघू? आपल्याकडे तसं मानकच नाही.”

खरं आहे, नाही. तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आता त्यावरच चाललंय. सोमवारी आम्ही दोघी साडेनऊला शाळेच्या फाटकापाशी असू, स्टॉपवॉच आणि छत्री घेऊन.